मंडप बँकेचा, चार्ज मेहबूबभाईंचा

"चेक मी फाडला न्हाई. पैसं मी काढलं न्हाई. मग लिमिटच्या वर गेलं कोन?"

मेहबूबभाई मंडपवाले माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात खात्याचा उतारा, कपाळावर घाम. बाजाराचा दिवस, काउंटरला ही गर्दी, आणि हा माणूस अशा खणखणीत आवाजात विचारत होता की आमचा कॅशियर नोटा मोजायचा थांबला.

"चार्ज गेले वर," मी म्हणालो.

"मंग त्यास्नीच दंड लावा की. मला कामून लावता?"

मी चिडलो. चिडायला मला तेव्हा फार वेळ लागत नसे, अजूनही लागत नाही. पण त्या दिवशी चिडलो ते उत्तर नव्हतं म्हणून. मी त्या शाखेचा अकौंटंट, म्हणजे दोन नंबरचा साहेब. बँकेच्या परीक्षा पास झालेला. आणि या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, तसा नियम आहे.

गावाचं नाव सांगत नाही. पाथर्डीच्या वाटेवरचं एक बाजाराचं गाव समजा. तिथली माणसं अजून आहेत, आणि बँकेची पेन्शन मला अजून लागते.

आधी भानगड काय होती ते सांगतो. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे काढायची मुभा. ते किती काढायचे याची मर्यादा ठरलेली असते, तिला आम्ही लिमिट म्हणतो. मंडपवाल्याचा धंदा लगनसराईचा. दिवाळीनंतर कनाती शिवून घ्यायच्या, बांबू-दोर आणायचे, फाटक्या जाजमांना ठिगळं लावायची. त्याला आधी पैसा लागतो. मग लग्नं लागतात, भाडी येतात, आणि पेरण्यांच्या आत खातं साफ होतं. शाखा उघडल्यापासून मेहबूबभाईंचं दर वर्षी हेच चालत आलं होतं. आमच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे 'उत्तम पार्टी' असा शेरा होता. तो मीच मारलेला.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. लग्नं झालीच नाहीत असं नाही. झाली, पण देवळाच्या ओसरीत, घरच्या पाच-सात माणसांत, तोंडात गुळाचा खडा घालून. अशा लग्नाला मंडप कोण घालतो? मेहबूबभाईंनी दिवाळीत पैसे काढून नव्या कनाती शिवल्या होत्या. त्या घडी न मोडता पडून राहिल्या.

तेवढ्यात एका सरकारी खात्याकडून बोलावणं आलं. रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. गावोगावची माणसं खडी फोडायला आली होती. बायकांची तान्ही पोरं उन्हात पडायची. पोरांना सावली पाहिजे, मजुरांना खायला वाटायची सुकडी शिजवायला आडोसा पाहिजे, तर मंडप घाला, भाडं सरकार देईल. मेहबूबभाईंनी होता-नव्हता तेवढा सगळा मंडप नेऊन माळावर ठोकला. सावली त्याच दिवशी पडली. भाड्याचं बिल मात्र या कचेरीतून त्या कचेरीत फिरायला लागलं.

इकडे खातं लिमिटच्या काठाला टेकलेलं. व्याज ते कुठून कुठून उसनवारी करून भरत होते. व्याजाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती चार्जबद्दल. आमच्या बँकेत कशालाही चार्ज पडायचा. लेजरचं पान जास्त लागलं, चार्ज. नोटीस पाठवली, तर तिचं पोस्टेज पार्टीकडून. शिवाय दर तिमाहीला आमच्यापैकी एकाने जाऊन तारण माल बघून यायचा, त्याच्या जाण्यायेण्याचा खर्चही पार्टीकडून. त्याला निरीक्षण आकार म्हणत. बघायला आम्ही जायचं, पैसे त्याने द्यायचे.

हे चार्ज पडले आणि खातं लिमिटच्या वर गेलं. वर गेलं म्हणून दंड. दंडाने आणखी वर गेलं. मग वर गेल्याची नोटीस आणि नोटिशीचं पोस्टेज. मेहबूबभाई घरी झोपले होते आणि त्यांचं खातं इकडे आपोआप चढत होतं.

हे इथवरच असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण दोन तिमाह्या खातं वर राहिलं की ते 'अनियमित' ठरायचं. मग लिमिट बंद, तारण माल ताब्यात घ्या, लिलाव करा. पुण्याच्या रीजनल ऑफिसमधून वसुली विभागाचं तसं पत्रही येऊन पडलं होतं. म्हणजे हे चार्ज परत मिळाले तर खातं लिमिटच्या आत येणार आणि मंडप वाचणार. नाहीतर मंडप गेला. मंडप गेला की मेहबूबभाईंचा धंदा गेला, आणि माळावरची पोरं परत उन्हात.

"परत द्या," मेहबूबभाई म्हणाले. "मी भीक मागत न्हाई. जे मी घेतलंच न्हाई, ते परत द्या."

मी उठून एजंटसाहेबांकडे गेलो. त्या काळी आमच्यात ब्रँच मॅनेजरला एजंट म्हणत. आमचे एजंट नामजोशीसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण ऑडिटला इतका भ्यायचा की सही करताना पेनाखाली ब्लॉटिंग धरायचा, शाई सांडली तर ऑब्जेक्शन येईल म्हणून. त्या उन्हाळ्यातही टाय लावायचे.

"साहेब, मेहबूबभाईंचे चार्ज परत करू या."

"कशातून?"

"म्हणजे?"

"अहो भालेराव, चार्ज घ्यायला व्हाउचर आहे, खातं आहे, शिक्का आहे. परत द्यायला काय आहे? एखादा फॉर्म दाखवा मला."

मी सगळं कपाट पालथं घातलं. फॉर्म नव्हता. मेलेल्या खातेदाराच्या पैशांसाठी फॉर्म होता, हरवलेल्या चेकबुकासाठी होता, लॉकरची किल्ली विहिरीत पडली तर काय करायचं त्याचंही सर्क्युलर होतं. पण बँकेने घेतलेला पैसा बँक परत देईल, हे आमच्या हेड ऑफिसात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बघा," साहेब म्हणाले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

"मग साधा अर्ज पाठवू या पुण्याला."

"पाठवा. तुमच्या सहीने पाठवा."

पाठवला. 'अनपेक्षित अडचणीमुळे' असे शब्द घातले. पंधरवड्याने उत्तर आलं. अडचण अनपेक्षित असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडा.

आता दुष्काळाचा दाखला! पुण्याच्या ऑफिसची खिडकी उघडली असती तर नगरकडून आलेली माणसं दिसली असती रस्त्यावर. पण खिडकीला जोडपत्र म्हणता येत नाही. मेहबूबभाई दाखला काढायला गेले आणि संध्याकाळी परत आले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"सायब, आपल्याला दुष्काळ न्हाई."

"कोण म्हणतं?"

"कचेरीतला कारकून. म्हनला, जमीन किती? म्हनलं, जमीन न्हाई, मंडप हाय. म्हनला, मंग पीक बुडालं न्हाई. पीक न्हाई तं दुष्काळ कसला? जा घरी." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पेढे वाटू का?"

मला हसू फुटलं. मग लाज वाटली. समोर माणूस घामाने निथळत होता आणि मी दात काढत होतो.

पुण्याला तसंच कळवलं. दुसरं उत्तर लवकर आलं, कारण ते नकाराचं होतं. दुष्काळातल्या सवलती शेतीकर्जाला लागू. मंडप, शामियाना, शोभेच्या वस्तू हा व्यवसाय समारंभाशी निगडित असल्याने सवलत देता येत नाही. माल ताब्यात घेऊन अहवाल पाठवावा.

माळावर चाललेल्या त्या समारंभाला मला आता जायचं होतं.

जायच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी, सगळं पुढचं रामायण त्यावर झालं. ओव्हरड्राफ्टला मेहबूबभाईंचा मंडपच तारण होता. सोनं तारण असलं की ते बँकेच्या तिजोरीत राहतं. मंडप तिजोरीत मावत नाही, तो पार्टीच्याच ताब्यात ठेवावा लागतो. मग तो तारण आहे हे जगाला कळावं कसं? तर त्यावर बँकेचं नाव लिहायचं. नियम होता, 'ठळकपणे'. नामजोशीसाहेबांनी पेंटर बोलावला. सगळ्या कनातींवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत बँकेचं नाव काढून घेतलं, आणि 'यांच्याकडे तारण' हे शब्द जागा उरेल तसे खाली, काठाजवळ, बोटभर. पेंटरचं बिल अर्थातच मेहबूबभाईंच्या खात्याला.

लग्नात मेहबूबभाई त्या कनाती उलट्या लावायचे. "नवरीच्या बापाला वाटतं, व्याही गहान पडलाय," असं त्यांचं म्हणणं. पण दुष्काळी कामावर कुणाचं लग्न नव्हतं. कनाती सुलट्या लागल्या. आणि आमच्याकडचा माळावरचा वारा तुम्हाला ठाऊक असेल तर, कनातीचा खालचा काठ मातीत पुरून त्यावर दगड रचावे लागतात. ते बोटभर अक्षर मातीत गेलं. वर राहिलं फक्त बँकेचं नाव.

मी सायकलने गेलो. सायकलचाही आकार लागायचा, पण तो मी कधी मांडला नाही.

लांबूनच नाव दिसलं. उघडा माळ, धुरळा, खडीचे ढीग, आणि मधोमध आमची बँक फडफडतेय. आत गेलो तर बांबूंना ओळीने झोळ्या बांधलेल्या. पोरं झोपलेली. एका कोपऱ्यात काहिलीत सुकडी, तिचा भाजका वास. बाहेर उन्हात हातोड्यांचे आवाज. मेहबूबभाई एक सैल झालेली खुंटी ठोकत होते.

मी वही काढली आणि मालाची पाहणी सुरू केली. तेवढ्यात एक बाई पोराला पाजायला आत आली. माझा इस्त्रीचा शर्ट पाहून थबकली.

"तुमी बँकेचं का हो, दादा?"

"हो."

तिने हातातलं पोर सावरत मला वाकून नमस्कार केला. "लई उपकार झालं बगा तुमचं. मागल्या कामावर थोरलीला ऊन लागलं हुतं माज्या. आठ दिस डोळं उगडलं न्हाई तिनं. आता निवांत खडी फोडते. ध्यान हिकडं लागत न्हाई."

मी हा मंडप काढून न्यायला आलो होतो. माझ्या खिशात तसा कागद होता. मला एवढं मेल्याहून मेल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी मेहबूबभाईंकडे पाहिलं, म्हटलं हा माणूस आता सांगेल, बाई मंडप माझा आहे. त्यांनी खुंटीवर आणखी दोन घाव घातले.

"घ्या सायब, दुवा घ्या," ते म्हणाले. "फुकट हाय. चार्ज न्हाई त्येला."

मी वहीत लिहिलं, 'माल जागेवर आहे.' जप्तीचा कागद खिशातच ठेवला आणि परत आलो. साहेबांना सांगितलं, मंडप काढायला मजूर मिळत नाहीत, सगळे दुष्काळी कामावर आहेत. ते त्यांना पटलं. त्यात खोटं काही नव्हतंच.

मग महिनाभराने टपालात दोन लखोटे एकदम आले.

पहिला पुण्याच्या वसुली विभागाचा. माल अद्याप ताब्यात का घेतला नाही, खुलासा करा. दुसरा थेट मुंबईच्या हेड ऑफिसचा, प्रसिद्धी विभागाकडून. नामजोशीसाहेबांनी तो तीनदा वाचला आणि मला हाक मारली. त्यांचा टाय सैल झाला होता.

झालं होतं असं. दुष्काळाची पाहणी करायला मुंबईहून कुणी बडे अधिकारी त्या रस्त्याने गेले होते. त्यांनी माळावर बँकेचं नाव वाचलं. आत पोरं झोपलेली पाहिली. आणि परत गेल्यावर आमच्या हेड ऑफिसला कौतुकाचं पत्र लिहिलं, की मजुरांच्या मुलांसाठी निवारा उभारणारी ही एकच बँक आपल्या पाहण्यात आली. हेड ऑफिस गहिवरलं. कुणी विचारलं नाही की हा निवारा आपण कधी उभारला. उलट लिहिलं होतं, या उपक्रमाची माहिती पाठवा, बँकेच्या मासिकात छापायची आहे, रीजनल मॅनेजर फोटोग्राफर घेऊन येत आहेत.

"भालेराव, आता काय करायचं?" साहेबांची पाचावर धारण बसली होती. "एक पत्र म्हणतं मंडप जप्त करा, एक म्हणतं मंडपाचा फोटो काढा."

"आधी फोटो काढू, मग जप्त करू."

"थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"मग खरं कळवा. मंडप आपला नाही, एका पार्टीचा आहे, आणि आपण त्यांना सावलीबद्दल दंड लावलाय."

साहेबांनी कानावर हात ठेवले. अगदी खरेखुरे, दोन्ही.

रीजनल साहेब आले ते भर दुपारी आणि वैतागून. बँकेची मोटार सुप्याला तापून बंद पडली. रेडिएटरला पाणी हवं होतं, आणि त्या वर्षी सुप्यात मोटारीला पाणी कोण देणार? तिथून टॅक्सी करून आले. बरोबर फोटोग्राफर. आम्ही सगळे माळावर गेलो. मेहबूबभाई तिथे होतेच, स्वच्छ धुतलेला सदरा घालून.

"वा, सुंदर!" रीजनल साहेब कनातींकडे पाहत म्हणाले. "नामजोशी, किती खर्च आला आपल्याला?"

नामजोशीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "उलट थोडी कमाईच झाली."

त्यांना ते नीट ऐकू गेलं नसावं. फोटोग्राफरने त्यांना कनातीपुढे उभं केलं. एका बाजूला नामजोशी, मधे रीजनल साहेब, हातात सुकडीची वाटी घेतलेलं एक पोर. मेहबूबभाईही शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही जरा बाजूला व्हा," फोटोग्राफर म्हणाला. "बँकेचं नाव झाकतंय."

मेहबूबभाई बाजूला झाले. मान खाली घालून नाही हं, चांगले हसत. आणि रीजनल साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"सायब, मंडप जप्त करा म्हून पत्र आलंय, ते तुमच्याच सहीचं हाय ना?"

"कोण आपण?"

"मी मंडपवाला. ह्यो मंडप माजा. लिमिटच्या वर गेल्यालं खातं बी माजंच. तुमी मोठं सायब आलाच हायसा, टॅक्सी बी हाय, तर आत्ताच घिऊन जा. पुन्ना चक्कर नगं, त्येचा बी चार्ज पडंल." आणि आपल्या माणसाकडे वळून, "दगडू, सोड रं दोर."

दगडूने पहिला दोर सोडला. एक कनात धपकन खाली आली. उन्हाचा पट्टा सरळ झोळ्यांवर पडला आणि दोन पोरं एकदम रडायला लागली. बाहेरचे हातोडे थांबले. मागे मला नमस्कार केलेली ती बाई सगळ्यात पुढे धावत आली, आणि तिच्यामागे खडीवरच्या सगळ्या बाया.

"काय झालं ओ?"

"काय न्हाई, वैनी," मेहबूबभाई म्हणाले. "बँकेचं लोक सावली काढाय आल्यात."

"आँ?" तिने हातातला हातोडा खाली ठेवला नव्हता. "आन् मी पाया पडले हुते की तुमच्या!" हे मला.

बाया रीजनल साहेबांभोवती गोळा झाल्या. साहेबांनी गॉगल काढला, पुसला, परत लावला. फोटोग्राफर कॅमेरा धरून तयारच होता. "साहेब, हाही घेऊ का?"

"नको! नको म्हणतो ना!" रीजनल साहेब किंचाळले. मग माझ्याकडे वळले, कारण नामजोशीसाहेब काहिलीच्या मागे गेले होते. "काय प्रकार आहे हा?"

मला इतक्या दिवसांचा राग होता. तो पोटात होता म्हणून आवाज शांत निघाला.

"साहेब, सरळ आहे. मंडप बँकेने घातला असेल, तर यांच्याकडून आणलेल्या मंडपाचं भाडं आपण यांना देणं लागतो. एवढ्या महिन्यांचं. आणि मंडप यांचा असेल, तर मुंबईला कळवावं लागेल की कौतुकाचं पत्र चुकून आपल्याकडे आलंय, ते मेहबूबभाईंना पाठवा. दोन्ही नको असेल, तर यांचे चार्ज परत करा. तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे."

"चार्ज किती आहेत?"

मी आकडा सांगितला.

"एवढेच? एवढ्यासाठी जप्ती?"

"तुमची सही आहे साहेब."

एक पोर अजून रडत होतं. मग त्यांनी विचारलं, आणि इथे मला कळलं की माणूस बँकेतच मोठा झालाय, "कुठल्या हेडखाली टाकायचे? रिफंडला हेड नाही आपल्याकडे."

"जाहिरात खर्च," मी म्हणालो. "हातभर अक्षरात बँकेचं नाव, रहदारीच्या रस्त्यावर. पेंटिंगचे पैसेसुद्धा पार्टीनेच भरलेत."

रीजनल साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा सुटल्याचा भाव आला. "मग लिहा की. सगळे चार्ज परत, खातं नियमित, जप्ती रद्द. मी मंजूर करतो. आणि तो दोर बांधायला सांगा आधी."

"आधी सही," मेहबूबभाई म्हणाले.

सही झाली. टेबल नव्हतं, म्हणून त्या बाईने आपलं घमेलं पालथं घालून पुढे केलं. घमेल्यावर कागद ठेवून रीजनल मॅनेजरने सही केलेली बँकेच्या इतिहासात बहुधा ती एकच. दगडूने दोर बांधला, कनात वर चढली, फोटो निघाला. मासिकात तो छापून आला, खाली 'आमची सावली' असं शीर्षक. उजव्या कडेला मेहबूबभाईंच्या सदऱ्याची बाही तेवढी आली होती.

चार्ज परत जमा झाले. खातं लिमिटच्या आत आलं. मंडप पाऊस पडेपर्यंत माळावर राहिला. सरकारी बिलही शेवटी दिवाळीच्या पुढे-मागे सुटलं, आणि मेहबूबभाईंनी पै न् पै भरून खातं साफ केलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण त्याआधी एकदा ते उतारा घेऊन माझ्या टेबलापुढे पुन्हा उभे राहिले होते. त्यात एक नवी रक्कम खर्ची पडली होती. पुण्याहून परस्पर आलेली. मी चष्मा पुसून वाचलं. 'निरीक्षण आकार : तारण मालाची प्रत्यक्ष पाहणी, सुपे ते कार्यस्थळ टॅक्सीभाडे.'

मी कपाळावर हात मारला. फोटो काढायला आलेल्या साहेबाची टॅक्सी, त्या येड्यांनी पार्टीच्या खात्याला टाकली होती! मला वाटलं आता हा माणूस बँक डोक्यावर घेतो. मी उठून उभाच राहिलो.

"ह्यो कशाचा?" त्यांनी विचारलं.

"ते... मोठे साहेब मंडप बघायला आले होते ना, त्याचा."

"बघायला आल्याचा."

"हो. मी लिहितो पुण्याला. अर्ज करू."

"नगं नगं." त्यांनी उताऱ्याची नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली. "बरं," म्हणाले आणि गेले. मला ते 'बरं' अजिबात आवडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आमची शाखा नव्या इमारतीत गेली. उद्घाटनाला मंडप हवा. गावात मंडपवाला एकच. मेहबूबभाई एक दिवस येऊन जागा बघून गेले, पावलं टाकून माप घेतलं, चहा प्यायले. समारंभाला मंडप झकास घातला. कनाती अर्थात उलट्या. मग बिल आलं. नामजोशीसाहेब ते घेऊन माझ्याकडे आले, मागोमाग मेहबूबभाई.

मंडपभाडं, जाजमं, खुर्च्या, गाडीभाडं. सगळं वाजवी. आणि खाली एक ओळ. 'निरीक्षण आकार : जागेची प्रत्यक्ष पाहणी.' रक्कम सुप्याच्या टॅक्सीएवढीच, पैशाचाही फरक नाही.

"अहो मेहबूबभाई," साहेब म्हणाले, "नुसतं बघायला आल्याचे पैसे?"

"पडत्यात सायब. मला बी आदी म्हाईत नव्हतं. हितंच कळालं." आणि बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे शेरा होता. 'जागा जागेवर आहे.'

"भालेराव, काय करायचं?"

"द्यायचे साहेब," मी म्हणालो. "बिलाला फॉर्म आहे."

मी स्वतः भरला. साहेबांनी पेनाखाली ब्लॉटिंग धरून सही केली, आणि पैसे त्याच दिवशी मिळाले. ऑडिटचं ऑब्जेक्शनही आलं पुढे, पण ते या बिलावर नव्हतं. ते आधीच्या जाहिरात खर्चावर होतं, तीन पेंटरांची कोटेशनं का मागवली नाहीत म्हणून.

नोकरीत मी नंतर बऱ्याच वरच्या खुर्चीवर बसलो. ओळखीचे लोक अजून येतात, बँकेने फुकट कापलेले पैसे परत कसे मागायचे विचारायला. मी त्यांना एकच सांगतो. परत मागू नका. आपलं बिल करा, आणि बघायला गेल्याचे लावा.